कडेला लागलेला चेंडू

टेबल टेनिस शिकवणाऱ्या कोचबाई हट्टाला पेटल्या की कुणाच्या बापाचं ऐकत नसत. गेल्या वर्षी दिराविरुद्धच्या सामन्यात आपला शेवटचा फटका टेबलाच्या कडेला लागला, म्हणजे गुण आपलाच, हे त्या शपथेवर सांगत. तो बाहेर गेला असं ठरल्यामुळे जिंकलेले दीर नुसते हसत. व्हिडिओ होता, पण बाईंच्या कॉम्प्युटरवर तो नेमका तिथेच अडखळे.

शेवटी बाईंनी जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाकली. आता तर चेंडूच दिसेना.

"आगीतून फुफाट्यात," दीर म्हणाले.

बाईंनी पुन्हा डोकं घातलं. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, टाकायचाच राहिला होता. तो टाकताच व्हिडिओ सरसर चालला आणि कडेला घासून उडालेला चेंडू अख्ख्या घराने पाहिला.

दिरांनी स्वतःच व्हिडिओ बंद केला. मग म्हणाले, "वहिनी, जुनी सिस्टीमच बरी होती."