कर्नल नवा, लॅपटॉप मुका

मंडळी, आत्ताच खराडीहून आपल्या लिनक्स गटाच्या बैठकीतून घरी आलोय आणि डोकं तापलंय.

आज अनघाताई आल्या होत्या. त्यांना दिसत नाही. स्क्रीनवरचं सगळं लॅपटॉपच त्यांना वाचून दाखवतो. काल त्यांनी लिनक्सचा नवा कर्नल, म्हणजे लॅपटॉप चालवणारा गाभा, टाकला आणि आवाज गेला. म्हणजे त्यांच्यासाठी लॅपटॉपच बंद! उद्या कॉलेजात तास आहे आणि सगळ्या नोट्स त्यातच.

आपल्या जाणकारांनी काय केलं? एकाने विचारलं, "साउंड कार्ड चालवणारं फर्मवेअर मुक्त नाही, असला लॅपटॉप घेतलातच कशाला?" मग मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो ते, नक्की कशाला म्हणायचं यावरच जुंपली. ताई लॅपटॉप मांडीवर घेऊन ऐकत बसल्या. एकानेही तो हातात घेतला नाही.

शेवटी मी घेतला, रीस्टार्ट करून जुना कर्नल निवडला. लॅपटॉप बोलायला लागला.

"हा काही खरा उपाय नव्हे," मागून आवाज आलाच.

ताई शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुमचं स्वातंत्र्य चालू द्या. मला उद्या तेवढं शिकवू द्या."

सॉफ्टवेअर मुक्त असावं, हे मीही मानतो. पण समोर बसलेल्या बाईंना ते वापरताच येत नसेल, तर मुक्त नक्की कोणासाठी? द्या उत्तर.