कळशीवर गेलेला फोटो

माझ्या फुवांइतके कॅमेरे जमवणारा आणि त्यांच्याइतके कमी फोटो काढणारा दुसरा माणूस उभ्या खानदेशात झाला नाही, आणि यापुढे होईल असं मला वाटत नाही. फुवा म्हणजे माझ्या फुईचे, आत्याचे, यजमान. ते लोणखेड्याचे गुजर; तिथे त्यांची केळीची आणि उसाची शेती होती. त्यांच्या घरात शिरलं की माणसाआधी कॅमेरेच भेटत. कोनाड्यांत पेटीचे कॅमेरे, खुंट्यांना भात्याचे, आणि देवघराशेजारी तीन पायांवरचा एक बोजड कॅमेरा, ज्याच्यावर फुवांचं धोतर वाळत असे. एकाची काच फुटलेली, एकाच्या भात्याला कसर लागलेली. एकात तर चिमणीने संसार थाटला होता, आणि "तिनी पिलं उडू देत, मंग देखू," म्हणून फुवांनी तो सारा उन्हाळा हलवू दिला नाही. साठ सालाच्या सुमारास मला शहाद्याच्या शाळेत नोकरी लागली आणि मी त्यांच्याकडे राहायला गेलो. फुई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, घरात मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मला पाहून फुवांना मनापासून आनंद झाला. पण हातातली ट्रंक खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "मास्तर, तुन्हा वळखीमा कोनाकडे जुना कॅमेरा शे का?"

बाजाराला निघाले की फुवा खांद्यावर गोधडी घेत, मग वैशाख का असेना. कोणाच्या दुकानात, कोणा भंगारवाल्याच्या पोत्यात जुना कॅमेरा दिसला की तिथेच मांडी घालायची, गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायची आणि आतल्या अंधारात कॅमेऱ्याचं पाठचं झाकण उघडून बोटांनी चाचपायचं. आत रीळ असलंच तर त्याला उजेड लागू नये, एवढाच त्यात हेतू. पण भर दुपारी, उन्हाने डोकी तापलेली असताना, रस्त्याकडेला गोधडीचा एक ढीग कुथतो आहे हे पाहून नंदुरबारच्या बाजारातले लोक कळवळत. "थंडी वाजी ऱ्हायनी का, काका?" असं विचारून एका म्हातारीने त्यांना कडू काढा पाजला होता. फुवा तो निमूटपणे प्यायले, कारण दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकले होते.

या सगळ्याच्या मुळाशी एक कळशी होती. फुवा तरुण असताना जंगलखात्याच्या एका बदली झालेल्या साहेबाने जाताजाता त्यांना आपला पेटीचा कॅमेरा दिला होता. सूर्य पाठीशी घ्यायचा आणि खटका दाबायचा, एवढा साहेबाचा उपदेश. फुवांनी बैलांचे फोटो काढले, विहिरीचा काढला, आणि एका सकाळी केळीच्या बागेत फुईलाही उभी केली. रिळात थोडी जागा उरली होती. आता पिकलेली केळी जशी कुणी टाकून देत नाही, तसं शेतकऱ्याच्या जातीने उरलेलं रीळ कसं टाकावं? एखादं लग्नकार्य निघालं की संपवू आणि मग धुवायला देऊ, म्हणून त्यांनी कॅमेरा फडताळात ठेवून दिला. तिकडे दारावर भांडीवाली आली. जुनी लुगडी देऊनही कळशी पदरात पडेना, तेव्हा फुईने वर हे डबडंही घातलं. संध्याकाळी फुवांनी कपाळावर हात मारला, तर ती म्हणाली, "त्या डबामा काय व्हतं? कळशीमा पानी तरी ऱ्हास." आपण स्वतःलाच विकून बसलो आहोत हे तिच्या गावीही नव्हतं. त्याच वर्षी ती तापाने गेली, आणि तिचा म्हणून जगात तेवढा एकच फोटो होता, कुठल्या तरी बंद पेटीत.

तेव्हापासून फुवा तो कॅमेरा शोधत होते. तो सोडून बाकी सगळे सापडत गेले. त्यांत रिळं निघत आणि फुवा ती आपल्या धान्याच्या कोठीत स्वतः धूत. कुठल्या साहेबाचा कुत्रा निघे, कुठल्या अनोळखी घरचं बारसं निघे. मग ते फोटो ज्याचे त्याला पोचवायचा ध्यास. म्हसावदच्या एका म्हाताऱ्याच्या हातात त्यांनी त्याच्याच मेलेल्या बैलाचा फोटो ठेवला, तेव्हा "हाऊ मन्हा ढवळ्या शे!" म्हणून तो म्हातारा असा रडला की फुवांना जेवल्याशिवाय तिथून निघता येईना. लोकांची माणसं, लोकांची गुरं त्यांना मिळत होती. मी एकदा गमतीने म्हणालो, "फुवा, आता पुरे झाले कॅमेरे." ते हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, तिना आवाज आठवस, तिनं चालनं आठवस. तोंड आठवत नही आते. रोज थोडं थोडं जाई ऱ्हायनं." त्यानंतर मी त्यांची थट्टा केली नाही.

शेवटी चारोळी विकायला येणाऱ्या तोरणमाळच्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, आमच्या पाड्यावर तसला एक डबा आहे, पोराच्या झोळीला टांगलेला. असे निरोप फुवांना बरेच येत. पण या डब्याच्या मुठीला लुगड्याचा लाल काठ गुंडाळलेला आहे, हे ऐकताच ते उठून उभे राहिले. तुटलेली मूठ फुईनेच आपल्या फाटक्या लुगड्याच्या काठाने बांधली होती. आम्ही घाट चढून गेलो. ढग इतके खाली होते की माणसं आधी ऐकू येत, मग दिसत. झोळीतलं पोर त्या कॅमेऱ्याचा खटका ऐकल्याशिवाय झोपत नव्हतं, त्यामुळे त्याची आई काही केल्या तो सोडेना. फुवांनी मग बदल्यात द्यायला आणलेला आपला सर्वांत उंची, भात्याचा कॅमेरा पोराच्या कानाशी नेऊन वाजवून दाखवला. याचा खटका गोड होता. पोर हसलं आणि सौदा झाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही कोठीच्या फटींत पोती कोंबली आणि कंदिलाला तांबडं फडकं गुंडाळलं. रीळ धुतलं, वाळवलं, त्याखाली फोटोचा कागद धरून क्षणभर उजेड दाखवला, आणि मग फुवांनी तो कागद थाळीतल्या औषधात सोडला. त्या तांबड्या उजेडात आमच्या दोघांचा श्वाससुद्धा मोठा वाटत होता. हळूहळू केळीची पानं वर आली. मग मागची भिंत. मग जमिनीवर एक वाकलेली सावली, ती फुवांची, आणि तिच्यामागे दुसरी, पागोट्याची आणि काठीची. फुवांचे वडील पाठीमागे येऊन उभे राहिले होते आणि कॅमेऱ्यात डोकं घातलेल्या फुवांना त्याचा पत्ता नव्हता. फुईला मात्र ते दिसले होते. गुजराच्या घरची सून ती, सासऱ्यासमोर तिने तेच केलं जे रोज करत होती. लुगडं आलं, बांगड्यांचे हात आले, आणि जिथे तोंड यायचं तिथे हनुवटीपर्यंत ओढलेला पदर आला. तोही अस्पष्ट.

इतक्या वर्षांची वणवण आणि शेवटी हे! काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "फुवा, फोटो जरा हललाच आहे."

ते कागदावर वाकले होते.

"केळनं पान देख, मास्तर. हालनं का?"

"नाही."

"मांगनी भीत हालनी का?"

"नाही."

"मंग पदरच कसा हालना?" त्यांचा आवाज एकदम हलका झाला होता. "फोटो नही हालना. ती हासनी. मांगे बाप उभा, आनि मी येडा डबामा डोकं घालीसन... ती पदरमा हासी ऱ्हायनी शे."

मी पुन्हा पाहिलं. सगळं चित्र ठाम उभं होतं आणि मधोमध तेवढा एक पदर थरथरत होता. फुवांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांनीच त्यांचं तोंड हळूहळू हसरं होत गेलं, तरुण होत गेलं.

"आते दिसनी," ते म्हणाले.

त्या दोघांच्या मध्ये उभं राहायची मला लाज वाटली. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर ओसरीवर येऊन बसलो.