हत्तीची चाल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मीरा रोडच्या दोन खोल्यांत मी टीव्हीसाठी स्वस्तातली कार्टून बनवायचो. जवळच्या जेसल पार्क वस्तीतून येणाऱ्या एका बाईंनी आमच्या हत्तीची चाल इतकी सुरेख काढली, की मागचं जंगल बदलून तीच चित्रं प्रत्येक भागात चालणार होती. मग त्यांची गरज उरली नाही. तसं सांगायला जीभ रेटेना. म्हटलं, "चॅनलला तुमचं काम पसंत नाही."

"हत्तीचे पाय चुकले का, सर?"

"हो, तेच."

दोन वर्षांनी बाजारात भेटल्या. "आता रांगोळीसुद्धा काढत नाही," हसून म्हणाल्या. हत्ती तेव्हाही रोज टीव्हीवर चालत होता.

त्यांचं काम उत्तम होतं आणि मी खोटं बोललो, हे त्यांना सांगणं अजून बाकी आहे.