त्रेपन्न नंबरचा प्लॉट
दिंडोरीच्या रस्त्याला फवारलेल्या गंधकाचा वास आला की मला द्राक्षाच्या पॅकहाउसमधला तो कॉम्प्युटर आठवतो. मी तिथे नवी होते. परदेशी जाणाऱ्या मालात औषधाचे अंश सापडलेल्या प्लॉटचे नंबर लॅबकडून आले, आणि त्या नंबरांपुढे आमच्या यादीतून बागायतदारांची नावं आणणारा फॉर्म्युला मी मोठ्या ऐटीत लिहिला. एका काकांचा माल नाकारला गेला. ते आले आणि म्हणाले, "ताई, ते औषध आपण मारलंच नाय." मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "काका, तुमचंच नाव आलंय." नावाशेजारचा नंबर आम्ही दोघांनीही पाहिला नाही. तीन आठवड्यांनी साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. काकांचा प्लॉट बावन्न, लॅबचा नंबर त्रेपन्न, आणि त्रेपन्न आमच्या यादीत नव्हताच. नेमका तोच नंबर हवा, हे सांगणारं शेवटचं शून्य मी फॉर्म्युल्यात टाकलं नव्हतं, म्हणून त्याने त्रेपन्नच्या अलीकडचा बावन्न धरला. सापडत नाही, असं कॉम्प्युटर म्हणाला असता. मीच त्याला म्हणू दिलं नाही. मी काकांच्या मळ्यात गेले तेव्हा माल कधीच मिळेल त्या भावाने गेला होता. चूक सांगितली, तर ते रागावले नाहीत. "त्या दिवशी घरी येऊन पोराला धरलं, ताई," ते म्हणाले. "औषध तूच मारलं म्हनलं. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाय." शून्य मी पुन्हा कधी विसरले नाही, पण त्या रस्त्याला लागले की गाडीची काच वर करून घेते.