काट्यापर्यंतचं मीठ

आमच्या वाडीत मासे सगळ्याच बायका खारवत, पण मोठी इसवण असली की ती आईकडे यायची. मुंबईकर जिला सुरमई म्हणतात तीच ही. आई मासा फाडून मीठ चोळी, लाकडी पिंपात थर रची आणि वर दगड ठेवी. पंधराव्या दिवशी एक मासा आडवा कापून कातडीपासून काट्यापर्यंत चार ठिकाणचे कण जिभेवर ठेवून बघे. काट्याशी मीठ लागलं की मासे उन्हात जात. शेजारच्या काकी आपली इसवण निर्धास्तपणे तिच्या पिंपात टाकत आणि पावसाळाभर तिच्यावर अवलंबून राहत.

मी घरातला पहिला पदवीधर. मुंबईला धातूंवर संशोधन करायला लागलो होतो. दोन धातूंचे ठोकळे एकमेकांना घट्ट दाबून बरेच दिवस भट्टीत ठेवायचे, मग लेथवर कागदासारखे पातळ थर काढून कुठल्या थरात कोणता धातू किती शिरला ते तपासायचं. त्या प्रमाणांचा आलेख काढला की विसरणाचा गुणांक मिळतो, म्हणजे एक धातू दुसऱ्यात किती वेगाने शिरतो तो आकडा. पहिल्याच मे महिन्यात घरी आलो आणि आईची ती चव घेण्याची रीत आठवली. ती जिभेने आलेखच काढत होती.

शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी मीठ मोजायला ब्युरेट, खुणांची काचेची नळी, पंचात गुंडाळून दिली. "जपून रे, शाळेत दोनच आहेत," एवढंच म्हणाले. घरात खारवलेली मोरी होती, म्हणजे लहान शार्क. तिचे काप काढून प्रत्येकातलं मीठ मोजलं. आलेख इतका सुरेख आला की मी त्याच आकड्यावरून इसवणीचे दिवस काढले.

"बारा दिवस पुरे, आये."

"ही इसवण, मोरी न्हय रे झिला. हिका चरबी आसा."

"मीठ ता मीठच. जाडी मी हिशेबात धरलंय."

ती माझ्या वहीकडे बघत राहिली. तिला अक्षरओळख नव्हती. आभाळ भरून यायचे दिवस जवळ आले होते, तीन दिवसांचं ऊन जास्त मिळणार होतं. "तू शिकलंस, तुका म्हायत," म्हणाली. बाराव्या दिवशी तिने दगड काढले. मासा कापून बघितला नाही. माझ्यासमोर चव घेणं तिला बरं वाटलं नसावं.

श्रावणात धाकट्या बहिणीचं पत्र आलं. इसवण काट्याशी कुजली होती, आपलीही आणि काकींचीही. "तुझे बारा दिवस माडाच्या मुळाशी पुरले," तिने लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती. आईने सगळ्यांना सांगितलं की यंदा तिच्याच हाताने मीठ कमी पडलं.

त्याच सुमारास मी तांबं, निकेल आणि जस्त अशा तिघांच्या मिश्रधातूंकडे वळलो होतो. माझे मार्गदर्शक सर समजावत होते की तिसरा धातू आला की पहिल्या दोघांची चालही बदलते. तिथे एक आकडा पुरत नाही, आणि एका जोडीच्या आलेखावरून सगळे आकडे निघतही नाहीत. वेगळ्या प्रमाणाची दुसरी जोडी भट्टीत घालावी लागते. मी फळ्याकडे बघत होतो आणि मला मीठ, पाणी आणि चरबी दिसत होती. आईने तिसऱ्याचं नाव घेतलं होतं. मी जाडी धरून बसलो होतो.

पुढच्या मेमध्ये पोहोचलो त्याच दिवशी काकींकडे गेलो. त्यांनी त्या वर्षी आपली इसवण अजून कुणाकडेच दिली नव्हती. हिशेब माझा चुकला, आईचं मीठ नाही, असं मी त्यांना सांगितलं.

काकी विळीवरून उठल्या नाहीत. "माका तेव्हाच कळला. तुझ्या आवशीच्या हातान मीठ कधी उणा पडूक नाय. त्या वर्सा घरात शिकलेलो माणूस इल्लो."

"मग तुम्ही बोललात नाही ते?"

"ती झाकता हा, मी कित्याक उघडू?" मग टोपलीतल्या दोन इसवणी माझ्या हातात दिल्या. "व्हर तिच्याकडे. आणि वही लांब ठेव."

आईने त्या फाडून पिंपात रचल्या. पंधराव्या दिवशी तिने मासा कापला, काट्याजवळचा कण आधी माझ्या हातावर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मीठ पोचलं होतं.