थर्माकोलचं रोमन देऊळ

कुणाच्याही घरी गेले की ते आधी छताकडे बघत, मग यजमानाकडे. इथं आखातात, माबेलात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हे वसईचे एसी मेकॅनिक. असा एखादा माणूस तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. चहाला बोलवावं की नाही हे आपलं ठरेपर्यंत तो बिस्किटं संपवतो.

चर्चच्या मंडळींबरोबर ते एकदा रोमला जाऊन आले होते. सांगायचे मात्र एकाच इमारतीबद्दल: घुमटाला मधोमध भोक असलेलं जुनं देऊळ. "आधी तिथं रोमन लोकांचे देव. मग आमचं चर्च झालं. पाडलं कोणी नाय. भाडेकरू बदलले, खलास!"

बोलायचे ते आणि पाप लागल्यासारखा चेहरा माझा व्हायचा.

वडील गेल्यावर घरचा गणपती माझ्याकडे आला. काही चुकेल या धास्तीनं मी पाठ असलेली आरतीही पुस्तकात बघून म्हणायचो. अशात यांनी मखर अंगावर घेतलं आणि एसीच्या खोक्यांतल्या थर्माकोलचं ते रोमन देऊळच उभं केलं. खांब, घुमट, भोकासकट.

"अहो, देवाच्या डोक्यावर भोक?"

"समईची गरम हवा जायला नको? मी एसीवाला हाय, भटजी नाय."

चिपळूणहून काका व्हिडिओ कॉलवर पाहणीला आले. "हे कसलं मखर?" यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "रोमचं देऊळ, काका. सगळ्या देवांसाठी बांधलेलं."

काका चष्मा पुसत म्हणाले, "मग आपल्याला बोलवायला फार उशीर केला त्यांनी."

विसर्जनानंतर मी मखर टाकायला निघालो, तर यांनी जिन्यातच अडवून ते काढून घेतलं. डिसेंबरात त्याच घुमटाखाली येशूबाळाचा गोठा मांडला. बघायला येणाऱ्यांना सांगत, "वरच्या मजल्यावरून आलंय." मी शेजारी उभा, आपलं दोन्हीकडे चुकतंय असं वाटून घामाघूम.

पुढे नोकरी संपली आणि ते कायमचे वसईला गेले. घुमट सामानात मावेना, म्हणून माझ्याकडे ठेवून गेले.

यंदा धूळ झटकताना आत गोंदानं चिकटलेलं गवत दिसलं. मूर्ती अजून बाहेर पाटावरच होती, तेवढ्यात काकांचा कॉल आला.

"आत ते गवत कसलं रे?"

दूर्वा म्हणून सांगता आलं असतं. पण मी सगळं खरं सांगून टाकलं आणि मान खाली घालून उभा राहिलो.

"खरवडू नकोस," काका म्हणाले. "तान्ह्या बाळाचं अंथरूण आहे ते. मूर्ती जरा पुढे बसव."