समोरच्या जीपने दिवे खाली केले नाहीत

त्या वर्षी आमची लष्कराची ट्रान्सपोर्ट कंपनी काश्मीरमध्ये होती. रेशन आणि रॉकेल वरच्या पोस्टांना पोचवायचं आणि रिकाम्या गाड्या घेऊन परत यायचं, एवढंच काम. मी हवालदार. माझ्या गाडीचा ड्रायव्हर लान्स नायक सुधीर मेस्त, कुणकेश्वरच्या बाजूचा, माझ्याच गावचा. तो स्टिअरिंगवर असला की मी डुलकी काढत असे. दुसऱ्या कुणाच्या गाडीत मला झोप येत नसे.

त्या दिवशी दरड कोसळून रस्ता चार तास बंद होता. कॉन्व्हॉय १७०० ला सुटला. घाटात पोचेपर्यंत काळोख झाला. डावीकडे दरी. दिवे डिपरवर ठेवायची ऑर्डर होती.

१८४० ला समोरून एक खासगी जीप आली. दिवे अप्परवर, टपावर आणखी चार. सुधीरने तीनदा डिपर दिला. जीप आमच्या बॉनेटसमोर येऊन थांबली आणि हॉर्न वाजवू लागली. दिवे तसेच.

सुधीरने ब्रेक मारला. "दादा, माका कायच दिसणा नाय."

रेडिओवर साहेब आले. आमच्या गाडीचं नाव तिथे वन फोर. "वन फोर, का थांबलात? ओव्हर."

"समोर गाडी आहे, सर. उजेडामुळे काही दिसत नाही. ओव्हर."

"साइड द्या आणि निघा. मागे नऊ गाड्या आहेत. आउट."

"दादा, उतरान जरा कडा बघा," सुधीर म्हणाला.

मी उतरलो. "लाइट बंद करो!" असं जीपकडे बघून ओरडलो. उपयोग झाला नाही. मग कड्याकडे वळलो. डोळ्यांपुढे नुसता काळोख. टॉर्च असून नसल्यासारखी. दोन हात जागा आहे असं मला वाटलं. दिसलं, असं मी आजही म्हणणार नाही.

"जागा आसा. घे," मी म्हटलं.

त्याने घेतली. मागचं डावं चाक खाली गेलं आणि मागोमाग गाडी. आवाज बराच वेळ येत राहिला. आमच्या मोकळ्या झालेल्या जागेतून जीप निघून गेली. नंबर वाचता आला नाही.

मी मागच्या गाडीकडे धावलो. रेडिओ घेतला. "वन फोर खाली गेली."

"से अगेन."

मी परत सांगितलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी माझे शब्द जसेच्या तसे सांगितले. रिपोर्ट आला: अपघात, कुणाचाही दोष नाही. माझा लिहिला असता तर बरं वाटलं असतं.

सुट्टीवर आलो तेव्हा सुधीरच्या बायकोला, सुनंदाला, सगळं सांगितलं. ती पडवीत बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुमका दिसला नाय, ता माका कळता. पण त्या गाडयेतल्याक सगळा दिसत होता."



मी रिटायर होऊन आता गावातच असतो. मालवणला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या रात्री तसेच पांढरे दिवे फेकत येतात. मी स्कूटर कडेला घेतो, उतरतो आणि गाडी जाईपर्यंत दिव्यांकडे पाठ करून उभा राहतो.

गावात जवानांच्या नावांची शिला आहे. सुधीरचं नाव घालायला मी ग्रामपंचायतीत तीनदा अर्ज दिला. "यादी लढाईत गेलेल्यांची आहे," एवढंच उत्तर मिळालं.

झेंडावंदनाला शिलेवरची चार नावं वाचतात. ती संपली की मी सावधान होतो आणि मोठ्याने म्हणतो, "लान्स नायक सुधीर मेस्त, ड्रायव्हर." पहिल्या वर्षी लोकांनी वळून पाहिलं. आता कुणी बघत नाही. सुनंदा मात्र तेवढ्यासाठी येते आणि नाव ऐकून घरी जाते.